आठव्या रांगेतला निर्णय : लिचेसचे एका नियमापुरते परीक्षण

ऑनलाइन बुद्धिबळाच्या सेवांचे परीक्षण करताना तिथे किती खेळाडू भेटतात, पट कसा दिसतो आणि डावाचे विश्लेषण किती खोलवर मिळते, हे सहसा पाहिले जाते. या लेखात त्या बाबी जवळजवळ पूर्णपणे बाजूला ठेवून लिचेस ही सेवा प्याद्याच्या बढतीचा नियम कसा हाताळते, एवढेच मी तपासले आहे. हा नियम निवडण्यामागे कारण आहे. बुद्धिबळाच्या इतर प्रत्येक खेळीत खेळाडूला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, ते म्हणजे कोणते मोहरे कोणत्या घरात न्यायचे. प्यादे शेवटच्या रांगेत पोहोचते तेव्हा मात्र त्याच खेळीत दुसरा प्रश्न उभा राहतो : आता त्याने काय व्हायचे? पटावर हात फिरवून नवे मोहरे ठेवता येते, पण संगणकाच्या पडद्यावर हा दुसरा प्रश्न कधी विचारायचा, कसा विचारायचा आणि विचारायचा की नाही, हे सेवा तयार करणाऱ्याला ठरवावे लागते. खेळाडूच्या निर्णयाचा मान एखादी सेवा किती राखते, हे या एका जागी स्वच्छ दिसते, असे माझे मत आहे.

लिचेस २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केले. फ्रान्समध्ये नोंदलेली ना-नफा संस्था ते चालवते, खर्च देणग्यांतून भागतो, जाहिराती नाहीत आणि संपूर्ण संगणकीय आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. आपल्या विषयापुरता याचा अर्थ असा की बढतीशी संबंधित कोणतीही सोय पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली नाही आणि एखाद्या प्रकारात नियम नेमका कसा लावला आहे याविषयी शंका आली, तर जाणकाराला तो मुळातून वाचता येतो.

प्रत्यक्ष पटावर काय घडते ते आधी पाहू. प्यादे शेवटच्या रांगेत नेले की त्याच स्तंभात, त्या घरापासून खाली, चार मोहरी एकाखाली एक उभी राहतात : वजीर, घोडा, हत्ती आणि उंट. हा क्रम मला विचारपूर्वक केलेला वाटतो. मोहऱ्यांच्या ताकदीप्रमाणे हत्ती दुसरा यायला हवा होता. परंतु वजीर जे काही करू शकत नाही ते करणारे मोहरे घोडा हेच आहे. हत्तीच्या आणि उंटाच्या सर्व चाली वजिराच्या चालींत सामावलेल्या असल्यामुळे ती दोन मोहरी घेण्याचे प्रयोजन प्रतिस्पर्ध्याचा स्टेलमेट (शह नसताना खेळीच न उरल्यामुळे होणारी बरोबरी) टाळणे किंवा काही विरळ रचनांमध्ये स्वतःची बरोबरी साधणे एवढेच उरते. घोड्याचे तसे नाही. तो नव्या दिशेने शह देतो, एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला करतो, आणि म्हणून गरजेच्या क्षणी तो वजिराच्या लगेच खाली सापडणे योग्यच आहे. या चार मोहऱ्यांच्या बाहेर कुठेही क्लिक केले तर खेळी रद्द होऊन प्यादे सातव्या रांगेत परत येते. प्रत्यक्ष पटावर ही मुभा नसते. तिथे सोडलेले प्यादे मागे घेता येत नाही, आणि निवडलेल्या मोहऱ्याचा त्या घराला स्पर्श झाला की निवडही पक्की होते.

या सेवेची खरी कसोटी लागते ती बढती आपोआप वजिरात करणाऱ्या सोयीत. पसंतींच्या पानावर तीन पर्याय आहेत : कधीही आपोआप वजीर नको, केवळ आगाऊ लावलेल्या (प्रतिस्पर्ध्याची पाळी असतानाच ठरवून ठेवलेल्या) खेळीच्या वेळी हवा, आणि नेहमी हवा. तिसरा पर्याय निवडलेल्या खेळाडूसाठीही एक वाट उघडी ठेवली आहे, ती अशी की बढती करताना कंट्रोलची कळ दाबून धरली तर तेवढ्यापुरती आपोआप होणारी बढती थांबते आणि चारही मोहरी समोर येतात. एका मिनिटाच्या डावात चार मोहऱ्यांतून एकावर क्लिक करण्यात जाणारा क्षणही महाग असतो, हे मान्य केलेच पाहिजे, आणि त्या गतीने खेळणाऱ्यांनी तिसरा पर्याय निवडण्यात काही गैर नाही. मात्र शिकणाऱ्या खेळाडूने पहिलाच पर्याय ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक वेळी चार मोहरी समोर आली की निवड करायची आहे याची जाणीव राहते, आणि ती जाणीवच पुढे अर्धा किंवा पूर्ण गुण मिळवून देते.

याचे साधे उदाहरण घेऊ. पांढरा राजा एफ-६ वर (अक्षर स्तंभाचे, आकडा रांगेचा), पांढरे प्यादे एफ-७ वर, काळा राजा एच-७ वर, आणि पटावर दुसरे काहीही नाही. पांढऱ्याने एफ-८ वर वजीर केला तर काळ्याला शह बसत नाही, परंतु जी-८, एच-८, जी-७, जी-६ आणि एच-६ ही सर्व घरे बंद झाल्यामुळे त्याला खेळीच उरत नाही आणि जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो. त्याच घरात हत्ती केला तर एच-६ हे घर मोकळे राहते, काळ्या राजाला तिथे जाणे भाग पडते आणि पुढच्याच खेळीला एच-८ वर हत्ती येऊन मात होते. नेहमी वजीर हा पर्याय लावून ठेवलेल्या आणि कंट्रोलची कळ विसरलेल्या खेळाडूला ही मात देता येणार नाही. आगाऊ खेळी लावतानाही हाच धोका असतो. सुदैवाने पहिला पर्याय निवडलेला असेल तर आगाऊ खेळी लावतानाच कोणते मोहरे हवे ते सांगता येते, आणि ही बारीक सोय ज्यांनी केली त्यांना डावाच्या शेवटच्या दहा सेकंदांत काय होते ते नीट ठाऊक असले पाहिजे.

वरचे उदाहरण पाठ्यपुस्तकी वाटेल, म्हणून या विषयातली सर्वांत प्रसिद्ध रचना लिचेसच्या विश्लेषणाच्या पटावर मांडून पाहावी, अशी माझी शिफारस आहे. पांढरा राजा बी-६ वर व प्यादे सी-६ वर, काळा राजा ए-१ वर व हत्ती डी-५ वर, आणि खेळी पांढऱ्याची. १८९५ मध्ये ही रचना बरोबरीची म्हणून प्रसिद्ध झाली होती. फर्नांडो साव्हेद्रा या धर्मगुरूने तिच्यात पांढऱ्याचा विजय दाखवला, आणि बुद्धिबळाच्या इतिहासात त्यांचे नाव त्या एका खेळीमुळे राहिले. प्यादे सी-७ वर जाते, काळा हत्ती डी स्तंभातून शहावर शह देत राहतो, पांढरा राजा एकेक घर खाली उतरत सी-२ पर्यंत येतो आणि काळा डी-४ वर हत्ती नेऊन सापळा रचतो. आता वजीर केला तर हत्ती सी-४ वर येऊन शह देतो आणि वजिराने तो मारताच स्टेलमेट होतो. सी-८ वर हत्ती केला तर मात्र ए-८ वर मात करण्याची धमकी उभी राहते, काळ्याला ए-४ वर हत्ती आणून ती अडवावी लागते, आणि बी-३ वर आलेला पांढरा राजा एकाच वेळी त्या हत्तीवर हल्ला करतो व सी-१ वर मात करण्याची धमकी देतो. ही रचना वाचून समजते, पण तिचे सौंदर्य स्वतःच्या हाताने वजीर करून आणि मग मागे येऊन हत्ती करून पाहिल्याशिवाय पुरते उमगत नाही. लिचेसचा विश्लेषणाचा पट त्यासाठी उत्तम आहे, कारण दोन्ही शाखा शेजारी शेजारी जतन होतात.

सरावासाठी कोड्यांचे दालन आहे, आणि त्यात बढती तसेच वजिराखेरीज दुसऱ्या मोहऱ्यात होणारी बढती असे दोन स्वतंत्र विषय निवडता येतात. कोडी प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावांतून घेतलेली असल्यामुळे ती कृत्रिम वाटत नाहीत. येथे एक सूचना करावीशी वाटते. दुसरा विषय निवडला की उत्तरात वजीर नाही हे आधीच कळते, आणि कोड्याचा अर्धा कस जातो. म्हणून तो विषय ओळख होण्यापुरता वापरावा आणि पुढे मिश्र कोडी सोडवावीत. घोड्याची बढती किती लवकर येऊ शकते हे पाहायचे असेल, तर आल्बिनचा प्रतिगॅम्बिट या डावाच्या सुरुवातीतला लास्करच्या नावाने ओळखला जाणारा सापळा पाहावा. त्यात काळे प्यादे सातव्याच खेळीला जी-१ वरचा घोडा मारून स्वतः घोडा होते आणि राजाला शह देते. तिथे वजीर केला तर पांढऱ्याला डी-८ वरचा काळा वजीर मारता येतो आणि सापळ्याचा सगळा लाभ निघून जातो.

आता बुद्धिबळाच्या इतर प्रकारांकडे वळतो, कारण या सेवेचे महत्त्व मला तिथे अधिक जाणवते. लिचेसवर नेहमीच्या खेळाखेरीज आठ प्रकार खेळता येतात. त्यांपैकी चेस९६०, किंग ऑफ द हिल आणि थ्री-चेक यांत बढतीचा नियम नेहमीचाच आहे. थ्री-चेकमध्ये तिसऱ्या शहाला डाव संपत असल्यामुळे शह देणारा घोडा वजिरापेक्षा मोलाचा ठरू शकतो, एवढाच फरक. रेसिंग किंग्जमध्ये तर प्यादीच नाहीत आणि आठव्या रांगेकडे धावण्याचे काम राजांवर सोपवले आहे. उरलेल्या चार प्रकारांत मात्र हा नियम पुन्हा नव्याने समजून घ्यावा लागतो.

क्रेझीहाऊसमध्ये मारलेले मोहरे मारणाऱ्याच्या हाती येते आणि खेळीच्या ऐवजी ते रिकाम्या घरात उतरवता येते. प्याद्याचा वजीर झाला आणि तो मारला गेला, तर प्रतिस्पर्ध्याच्या हाती वजीर न येता प्यादे येते. हा नियम पहिल्यांदा वाचताना किरकोळ वाटतो, परंतु सगळ्या खेळाचा तोल त्यावर उभा आहे. तो नसता तर प्रत्येक बढतीबरोबर दोन्ही बाजूंमध्ये फिरणाऱ्या वजिरांची संख्या वाढत गेली असती आणि काही खेळ्यांतच पट वजिरांनी भरून गेला असता. या नियमामुळे बढतीतून आलेला वजीर हा बळी देण्यासाठी सर्वांत स्वस्त मोहरा ठरतो. मूळ वजीर दिला तर प्रतिस्पर्धी तोच वजीर पुढच्या खेळीला आपल्या राजाशेजारी उतरवील, ही भीती असते. बढतीचा वजीर दिला तर त्याला केवळ एक प्यादे मिळते. म्हणून पटावरच्या दोन वजिरांपैकी कोणता प्याद्याचा आहे हे लक्षात ठेवणे, हे या प्रकारातले वेगळे कौशल्य आहे. हातातले प्यादे पहिल्या किंवा आठव्या रांगेत उतरवता येत नाही, पण सातव्या रांगेत येते, आणि त्यामुळे मोकळ्या आठव्या घरापुढे उतरवलेले प्यादे पुढच्याच खेळीला वजीर होण्याची धमकी देते.

अँटीचेसमध्ये सगळेच उलटे आहे. आपली सर्व मोहरी गमावणारा जिंकतो आणि मारता येत असेल तेव्हा मारणे सक्तीचे असते. येथे प्यादे शेवटच्या रांगेत गेले की चारऐवजी पाच मोहरी समोर येतात, कारण प्याद्याचा राजाही करता येतो. राजाला या प्रकारात शह नाही, मात नाही. तो चहूकडे एक घर चालणारे साधे मोहरे आहे. वजिराची लांब पल्ल्याची ताकद इथे ओझे होते, कारण जितक्या रेषांवर त्याची नजर जाते तितक्या ठिकाणी त्याला सक्तीने मारायला लावता येते, आणि एकदा का ही साखळी सुरू झाली की तो प्रतिस्पर्ध्याची सगळी मोहरी साफ करून त्यालाच जिंकवतो. राजाला केवळ शेजारच्या घरातले मोहरे मारावे लागते, म्हणून शेवटच्या टप्प्यात तो पुष्कळदा अधिक सोयीचा पडतो. नेहमीच्या खेळात बढती म्हणजे बळ वाढवणे, असे आपण न विचारता धरून चालतो. परिस्थितीला योग्य ते मोहरे निवडणे हा या नियमाचा गाभा आहे, हे मला अँटीचेसच्या पाचव्या मोहऱ्याने जितके स्पष्ट दाखवले तितके दुसऱ्या कशानेही दाखवले नाही.

ॲटॉमिकमध्ये प्रत्येक माराबरोबर स्फोट होतो. मारणारे आणि मारले गेलेले मोहरे तर जातेच, पण भोवतीच्या आठ घरांतली प्याद्यांखेरीज सर्व मोहरीही जातात. साहजिकच एखाद्या प्याद्याने शेवटच्या रांगेतले मोहरे मारले तर ते स्वतःच नाहीसे होते आणि बढतीतून काहीही उरत नाही. यापेक्षा सूक्ष्म गोष्ट अशी की शेजारच्या स्फोटापासून प्यादे सुरक्षित असते, पण वजीर झालेले प्यादे सुरक्षित नसते. सातव्या रांगेत निर्धास्त उभे असलेले प्यादे आठव्या रांगेत पाऊल टाकताच हे संरक्षण गमावते. त्यामुळे बढती शक्य असूनही ती एक-दोन खेळ्या लांबवणे शहाणपणाचे ठरते, असे प्रसंग या प्रकारात येतात. होर्डमध्ये पांढऱ्याकडे ३६ प्यादी असतात आणि राजा नसतो, तर काळ्याकडे नेहमीचे सैन्य असते. काळ्याला जिंकण्यासाठी बढतीतून आलेल्या मोहऱ्यांसह सगळे काही मारावे लागते, म्हणून एकही प्यादे आठव्या रांगेत पोहोचू न देणे हेच त्याचे डावभरचे काम होते.

या चारही प्रकारांत लिचेसवर नियम अचूक लागू होतात, आणि ते खेळता खेळता समजतात. माझी तक्रार सरावाविषयी आहे. कोड्यांचे दालन नेहमीच्या बुद्धिबळापुरतेच आहे. क्रेझीहाऊसमधला बढतीच्या वजिराचा बळी किंवा अँटीचेसमधली राजाची बढती यांवर कोडी असती, तर या प्रकारांत नव्याने येणाऱ्याला पहिले अनेक डाव केवळ नियम चाचपण्यात घालवावे लागले नसते. हे प्रकार लोकप्रियतेत मागे असल्यामुळे त्यांच्याकडे कमी लक्ष जाते हे समजण्यासारखे आहे, तरी ज्या सेवेने ते इतक्या काळजीने उभे केले, तिच्याकडून ही अपेक्षा करणे अवाजवी नाही.

बढतीच्या नियमांचा पूर्ण विस्तार पाहू इच्छिणाऱ्याला मात्र लिचेसच्या बाहेर जावे लागते. बुद्धिबळाचे जुने रूप असलेल्या शतरंजमध्ये प्याद्याला एकच वाट होती : तिरके एक घर चालणारा वजीर. थायलंडच्या माकरुकमध्ये आजही जवळपास तसेच आहे, पण तिथे प्यादी तिसऱ्या रांगेतून निघतात आणि सहाव्याच रांगेत बढती मिळवतात. जपानच्या शोगीमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या तीन रांगा हे बढतीचे क्षेत्र असते, राजा आणि सुवर्ण सेनापती सोडून सर्वच मोहऱ्यांना बढती मिळते, आणि पुढे चाल उरणार असेल तर ती घ्यायची की नाही हे खेळाडू ठरवतो. मारले गेलेले मोहरे तिथेही मूळ रूपात परत येते, आणि क्रेझीहाऊसचा नियम वाचताना शोगी आठवावी ती यामुळे. क्रिस्टियन फ्रीलिंग यांनी १९८४ मध्ये रचलेल्या दहा बाय दहाच्या ग्रँड चेसमध्ये आठव्या व नवव्या रांगेत बढती ऐच्छिक आणि दहाव्या रांगेत सक्तीची आहे, पण ती आपल्या गमावलेल्या मोहऱ्यांपैकीच एखाद्यात मिळते, आणि तसे मोहरे नसेल तर प्याद्याला शेवटच्या रांगेत जाताच येत नाही. चिनी शियांगचीत प्याद्याला बढती नाहीच. नदी, म्हणजे पटाच्या मधला पट्टा, ओलांडल्यावर ते बाजूलाही चालू लागते, इतकेच. शोगीसाठी लिचेसच्याच खुल्या आज्ञावलीवरून उभे राहिलेले लिशोगी आहे आणि माकरुक, ग्रँड चेस आणि शियांगचीसाठी पायचेस ही दुसरी विनामूल्य सेवा आहे. एकाच छपराखाली हे सगळे मिळाले असते तर मला आवडले असते, पण आठच प्रकार ठेवून ते नीट सांभाळण्याचा लिचेसचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही.

आज आपण गृहीत धरतो तो नियमही एकदम स्थिरावलेला नाही, हे या ठिकाणी नोंदवायला हवे. १८६२ च्या ब्रिटिश नियमावलीने खेळाडूला प्यादे शेवटच्या रांगेत प्यादे म्हणूनच ठेवण्याचीही मुभा दिली होती, आणि स्टाइनिट्झसारख्या विश्वविजेत्याने तिचे समर्थन केले होते. असे प्यादे निश्चल राहत असल्यामुळे खेळी न उरून स्वतःचा स्टेलमेट साधता येतो, हा त्यामागचा विचार. ही मुभा आता नाही. परंतु जे खेळाडू केवळ पडद्यावर खेळले आहेत, त्यांना फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या आजच्या नियमांतला एक भाग लिचेस शिकवू शकत नाही, आणि त्याचा फटका पहिल्याच प्रत्यक्ष स्पर्धेत बसू शकतो. प्यादे शेवटच्या रांगेत ठेवून नवे मोहरे न ठेवताच घड्याळ दाबले तर ती नियमबाह्य खेळी ठरते, प्याद्याच्या जागी वजीरच येतो, आणि नेहमीच्या वेळेच्या डावात प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात. दुसऱ्यांदा नियमबाह्य खेळी झाली की सर्वसाधारणपणे डाव जातो. हवे ते मोहरे जवळ नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे ते मागण्याचा हक्क खेळाडूला आहे, हे अनेकांना माहीत नसते. २०१७ च्या कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेतील निर्णायक झटपट डावात एका खेळाडूला आपला वजीर पटाजवळ सापडला नाही, कारण तो प्रतिस्पर्ध्याच्या हातात होता. त्याने उलटा हत्ती ठेवून वजीर म्हटले. पंचांनी तो हत्तीच मानला, आणि विजेतेपद प्रतिस्पर्ध्याकडे गेले. लिचेसवर मोहऱ्यांचा तुटवडा कधीच पडत नाही, नऊ वजीर हवे असतील तर नऊ मिळतात, आणि म्हणूनच स्पर्धेला निघालेल्याने घरच्या पटावर जादा वजीर शेजारी ठेवून, मोहरे आधी आणि घड्याळ नंतर या क्रमाने बढती करण्याचा सराव वेगळा करावा.

बढती या एका निकषावर लिचेसला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण इतर प्रकारांसाठी कोडी नसल्याबद्दल कापला आहे. खाते उघडणाऱ्याने पसंतींच्या पानावर जाऊन आपोआप वजीर हा पर्याय बंद करावा, मग बढतीची काही कोडी सोडवावीत, आणि इतर प्रकारांची सुरुवात करायची असेल तर ती अँटीचेसपासून करावी.